आपल्या खारेपाटाची बंदिस्ती : काल आणि आज

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार पुरा होऊन त्या निमित्ताने ही स्मरणिका निघत आहे, ही सर्व ग्रामस्थांस आनंदाची गोष्ट होय. देवस्थानाची माहिती, देणगीदारांची नामावली व कामाचा जमाखर्च हे सर्व अन्यत्र येईलच. प्रस्तुत लेखाचा विषय थोडा निराळा आहे. देऊळ ज्या जमिनीवर उभे आहे, आणि ज्या जमिनीतील तांदळाचा नैवेद्य देवाला पिढ्यान्‌पिढ्या दाखविला जात आहे, ती जमीन मुळात आली कोठून, हे येथे थोडक्यात सांगावयाचे आहे. पेण व रोहे तालुक्यांतील खाडीकाठची जमीन निसर्गाने आयती दिलेली नाही. ती आपल्या वाडवडिलांनी बांध घालून समुद्राकडून मिळविली आहे. आज मुंबईला राहणाऱ्या आपल्या तरुण मंडळींना ही हकीकत ठाऊक असणे अगत्याचे आहे, कारण तिचा संबंध नुसत्या गतकाळाशी नाही.

खारेपाट म्हणजे काय

सह्याद्रीवरून उतरणाऱ्या चार नद्या या भागाच्या जीवनदायिनी आहेत. उत्तरेस पाताळगंगा, पेणजवळून भोगावती, नागोठण्याजवळून अंबा आणि रोह्याजवळून कुंडलिका. पहिल्या तिन्ही धरमतरच्या खाडीच्या पोटात जातात व कुंडलिका रेवदंड्यास समुद्राला मिळते. पावसाळ्यात या नद्या डोंगरातील माती वाहून आणतात. खालून भरतीचे पाणी येते, वरून नदीचे पाणी येते, आणि दोन्हींच्या भेटीत ती माती तळाशी बसते. अशा रीतीने शेकडो वर्षांत चिखलाची जी सपाटी तयार झाली तिला आपण खाजण म्हणतो. तिच्यावर तिवर उगवतात, खेकडे बिळे करतात, आणि दिवसातून दोनदा खारे पाणी तिच्यावर चढते व उतरते.

या खाजणाला बांध घालून खारे पाणी बाहेर अडविले, की आत जी शेतजमीन मिळते ती खार. या एका शब्दाची साक्ष आपल्या मुलखातील गावांची नावेच देतात. पेण तालुक्यात खारपाडा आहे. रोहे तालुक्यात धोंडखार, यशवंतखार, खारापटी, खारगाव अशी गावे कुंडलिकेच्या आसऱ्याने वसली आहेत. ज्या गावाच्या नावात खार आहे, तेथे केव्हा तरी कोणी तरी भरतीला अटकाव केला, असे खुशाल समजावे.

आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील अंतर चार मीटरांहून अधिक असते. खारेपाटाची जमीन उधाणाच्या पाण्याहून खाली, पण ओहोटीच्या पाण्याहून वर आहे. सारी बंदिस्ती या एका गोष्टीवर चालते. हॉलंड देशातही लोकांनी समुद्र हटवून शेती केली, परंतु तेथील पुष्कळशी जमीन समुद्राच्या पातळीहून खाली असल्यामुळे पाणी उपसल्यावाचून त्यांचे चालत नाही. १६१२ मध्ये त्यांनी बेमस्टर नावाचे मोठे सरोवर कोरडे केले तेव्हा ४३ पवनचक्क्या लावाव्या लागल्या. आपल्या पूर्वजांना पवनचक्कीची गरज पडली नाही. त्यांनी ओहोटीलाच कामाला लावले.

बांध आणि उघाडी

बांधाचे काम भाताची कापणी उरकल्यावर सुरू होई व पावसाळ्यापूर्वी ते पुरे करावे लागे. उधाणाच्या दिवसांत खाजणात पाय ठरत नाही, म्हणून मोठे काम भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरती कमी चढते तेव्हा करीत. चिकट चिखलाची ढेकळे कापावयाची, माणसांची रांग लावून ती हातोहात पुढे द्यावयाची, थरावर थर चढवून पायाने तुडवावयाचे. बांध तळाशी रुंद व माथ्याशी अरुंद ठेवीत. खाडीच्या अंगाला जेथे लाटांचा मारा असे तेथे दगड लावीत. बाहेरचे तिवर सहसा तोडीत नसत, कारण लाटेचा जोर तिवरांत मोडतो.

सर्वांत कठीण काम म्हणजे शेवटचे तोंड बंद करणे. दोन्हीकडून बांध येत येत मधे थोडी फट राहिली, की तिच्यातून पाणी फार वेगाने धावते. एका ओहोटीपासून दुसऱ्या भरतीपर्यंतच्या काही तासांत ती फट बुजविली तर ठीक, नाही तर कित्येक दिवसांची मेहनत एका भरतीत वाहून जाई. त्या दिवशी घरी बसून राहणे कोणालाच परवडत नसे.

बांधात ठरावीक ठिकाणी उघाडी असते. उघाडीची फळी अशी बसविलेली असते की बाहेरून भरतीचे पाणी आले म्हणजे तिच्या दाबाने ती आपोआप मिटते, आणि ओहोटी लागली म्हणजे आतील पावसाच्या पाण्याच्या दाबाने आपोआप उघडते. तिला माणसाचा हात लागत नाही, लागते ती फक्त देखरेख. फळी कुजली, तिच्यात ओंडका अडकला किंवा गाळ साचला, की आतील पाणी बाहेर पडत नाही आणि बाहेरचे मात्र आत येते.

मोठ्या बांधाच्या आत शेताशेतांचे लहान बांध घालीत. त्यामुळे एखादे ठिकाणी खांड पडली तरी सारा खार एकदम बुडत नसे. नवीन खार घातला म्हणजे लगेच पीक येत नाही. येथे पाऊस वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडतो. हे गोडे पाणी शेतात अडवावयाचे, मीठ त्यात विरघळू द्यावयाचे आणि ओहोटीला उघाडीतून सोडून द्यावयाचे, असे दोन-तीन पावसाळे केले म्हणजे जमीन भात देऊ लागते. खाऱ्या जमिनीत वरकस भागासारखी नांगरणी व राब-लावणी चालत नसे. मोड आणलेले बी, म्हणजे रहू, चिखलात फेकीत. भाताच्या जातीही वेगळ्या होत्या. काळा राता, भुरा राता ही लाल दाण्याची भाते खार सोसणारी म्हणून प्रसिद्ध आहेत. पुढे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने याच जुन्या जाती निवडून सुधारल्या, आणि पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा नव्या जातीही दिल्या.

समुद्र अडविला तरी पिण्याच्या पाण्याचा प्रश्न राहिलाच. खारेपाटात विहीर खणली तर खारे पाणी लागते. म्हणून गावोगाव तळी खणून पावसाचे पाणी साठवीत. बांध आणि तळे, या दोहोंवर गाव जगत असे. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. बांधावर चिखल वाहणारे हात सर्व जातींचे होते, पण तळ्याचे पाणी सर्वांना मोकळे नव्हते. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत हा रावबहादुर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला, आणि आपल्याच जिल्ह्यात महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो हक्क प्रत्यक्ष बजावला. पाण्याचा इतिहास सांगताना हे वगळले तर तो इतिहास अपुरा राहील.

कौल, शिलोत्री आणि कुळारग

आता हे काम कोणी व कोणत्या बोलीवर केले ते पाहू. हा मुलूख प्रथम निजामशाहीत, १६३६ नंतर आदिलशाहीत, १६५७ च्या सुमारापासून शिवछत्रपतींच्या राज्यात आणि पुढे पेशवे व आंग्रे यांच्या अमलात होता. राज्य कोणाचेही असो, पडीक जमीन लागवडीस आली तर सरकारचा वसूल वाढतो हे प्रत्येकाला कळत होते. म्हणून नवी जमीन करणाऱ्यास कौल देण्याची रीत होती. पहिली काही वर्षे सारा माफ किंवा अगदी थोडा, व पुढे तो दरसाल चढत जाई. त्यास इस्तावा म्हणत. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. गावोगाव फिरावे, ज्या कुणब्याजवळ माणूसबळ आहे पण बैल व दाणा नाही त्यास तो पुरवावा, आणि व्याज न घेता मुद्दल हळूहळू उगवून घ्यावे, असा त्याचा आशय आहे. प्रभावळी आपल्यापासून दूर दक्षिणेस असली तरी कोकणातील शेती कशी वाढवावी याविषयीचे धोरण त्यातून स्पष्ट दिसते.

खारजमिनीला मात्र बैल आणि दाणा पुरत नाही, बांधाला भांडवल लागते. ते घालणारा जो पुढे आला तो शिलोत्रीदार. पेण भागातील शिलोत्री पद्धत ही खास खारेपाटाची आहे. बाहेरचा मोठा बांध शिलोत्रीदाराने घालावयाचा व दुरुस्त ठेवावयाचा, आतील लहान बांध कुळांनी सांभाळावयाचे. त्याबद्दल सरकारी साऱ्याखेरीज बिघ्यामागे एक मण भात कुळाने शिलोत्रीदारास द्यावयाचे. यालाच शिलोत्री मण म्हणत. म्हणजे हा मण मुळात जमिनीचा खंड नव्हता, तर बांध राखण्याची मजुरी होती, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी पद्धत कुळारगाची. येथे मध्ये कोणी शिलोत्रीदार नव्हता. कुळांनीच एकत्र येऊन बांध घातला व एकत्रच तो राखला. शिलोत्री मण द्यावा लागत नसे, पण बांधावर स्वतः राबावे लागे. एक पद्धत भांडवलाची व दुसरी सहकाराची, आणि दोन्ही शेजारी शेजारी नांदत होत्या.

गोव्यातील खाजण शेतीचे याच्याशी जवळचे नाते आहे. तेथे गावकरी संस्था बांध व मानस, म्हणजे आपली उघाडी, राखीत असत. पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशिया याने १५२६ मध्ये या गावसंस्थांचे रीतिरिवाज लेखनिविष्ट केले. हॉलंडात तर आणखी कडक नियम होता. आपल्या वाट्याचा बांध ज्याला राखता येत नसे, त्याने बांधात फावडे रोवावयाचे व जमीन सोडून निघून जावयाचे. जो ते फावडे उपटील त्याची जमीन आणि त्याच्यावरच बांधाचा भार. तीन मुलखांत भाषा तीन, धर्म निराळे, राजे निराळे, पण नियम एकच. जो या जमिनीचे खातो त्याने बांध राखला पाहिजे.

मण राहिला, बांध विसरला

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि १८४० मध्ये आंग्र्यांचे संस्थान खालसा झाले. इंग्रजी अमलात मोजणी झाली, कागदपत्र झाले, आणि जमिनीचा हक्क कागदावर पक्का होत गेला. मात्र कागदावर हक्क जितका पक्का होतो तितके कर्तव्य होत नाही. जिल्ह्यात खोतीचे व सावकारीचे वजन वाढले. खंड आणि त्यावरील वरकड बाबी कुळाकडून चोख वसूल होत, बांधाची दुरुस्ती मात्र ढिली पडे. खांड पडली म्हणजे पीक बुडे कुळाचे, आणि खंडाची बाकीही चढे कुळाच्याच नावावर.

याचा स्फोट आपल्या शेजारी अलिबाग तालुक्यात झाला. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जमिनी न कसण्याचा निर्धार केला. २५ गावे त्यात सामील होती आणि १९३९ पर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षे, हा संप टिकला. लोकांनी रानातील लाकूडफाटा विकून व खाडीची मासळी धरून दिवस काढले, पण नांगराला हात लावला नाही. डॉ. आंबेडकरांनी त्यांस पाठिंबा दिला व १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कुळकायदा व १९४९ चा खोती निर्मूलन कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. ज्यांनी चिखल वाहिला त्यांच्या नातवंडांचे नाव सातबाऱ्यावर लागले. हा न्यायच झाला.

परंतु एक प्रश्न उरला. शिलोत्रीदार गेला, मण गेला, मग बाहेरचा बांध कोणाचा? १९४८ मध्येच मुंबई सरकारने खारजमिनींचा कायदा केला होता. पुढे १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा आला आणि सरकारी खात्यामार्फत पुष्कळ योजना झाल्या. पेणला त्या खात्याचे विभागीय कार्यालय आहे. सिमेंटच्या उघाड्या आल्या, दगडी अस्तर आले. याचा लाभ झाला हे नाकारता येणार नाही. पण त्याबरोबर बांध आपला ही भावना ओसरली. पूर्वी खेकड्याचे बीळ दिसले की जाणारा-येणारा मनुष्य टाचेने चिखल दाबून ते बुजवून पुढे जाई. आता तेच बीळ पाहून अर्ज लिहिला जातो, आणि अर्ज मंजूर होण्यापूर्वी उधाण येते.

आजची स्थिती

दादर, रावे, वाशी, वढाव, भाल, शिर्की अशा पेणच्या खारेपाटात आणि रोह्याच्या खाडीकाठी उधाणाने बंदिस्ती फुटल्याच्या वार्ता आपण वारंवार ऐकतो. एकदा खारे पाणी शिरले की त्या वर्षाचे पीक तर जातेच, पण पुढची दोन-तीन वर्षे जमीन उठत नाही. तितक्या काळात शेतकरी कंटाळतो, बांध तसाच राहतो, आणि आत तिवर उगवतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिवरतोडीस बंदी केली. तिवर किनाऱ्याचे रक्षण करतात, म्हणून ती बंदी योग्यच आहे. परंतु फुटलेल्या शेतात तिवरांचे रान माजले, म्हणजे ती जमीन पुन्हा लागवडीस आणणे फार कठीण होते. म्हणून खांड पडल्यावर पहिले वर्ष महत्त्वाचे असते.

वरच्या अंगाचे पाणीही बदलले आहे. भिरा येथील वीजघर १९२७ पासून चालू आहे. त्यासाठी घाटावर मुळशीचे धरण झाले, सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तरी तेथील गावे बुडाली. त्या वीजघरातून सुटलेले पाणी कुंडलिकेत येते व डोलवहालच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी शेतीला मिळते. रोह्याकडे उन्हाळी भात दिसते त्यामागे मुळशीकरांचा त्यागही आहे, हे विसरू नये. पेणकडे भोगेश्वरीवर हेटवण्याचे धरण झाले, परंतु खारेपाटाच्या टोकाच्या गावांना त्याच्या पाण्याची वाट फार वर्षे पाहावी लागली. पाणी नाही म्हणून जमीन निकस, आणि निकस म्हणून विकून टाका, असा हिशोब मग बाहेरचे लोक मांडतात. विशेष आर्थिक क्षेत्राच्या वेळी २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील हेटवणे लाभक्षेत्राच्या २२ गावांत शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले, तेव्हा जमीन द्यावयाची नाही असा आवाज खारेपाटाने उठविला आणि पुढे तो प्रकल्प बारगळला. जमीन वाचली. पण वाचलेली जमीन राखावीही लागते. जी जमीन आपण कोणाला दिली नाही, ती बांधाच्या हलगर्जीपणाने खाडीला देणे शहाणपणाचे होणार नाही. समुद्राची पातळीही जगभर चढत आहे, तेव्हा जुन्या उंचीचे बांध यापुढे पुरणार नाहीत, हेही लक्षात घ्यावयास हवे.

विनंती

गतकाळ सर्वस्वी चांगला होता असे म्हणण्याचा हेतू नाही. त्यात वेठ होती, जुलूम होता, भेदभाव होता. तो गेला हे बरेच झाले. घेण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती कुळारगाची. कोणी मोठा धनी नसताना साध्या कुळांनी आपसांत वाटणी करून बांध घातला आणि राखला. मोठी बंदिस्ती आज सरकारनेच केली पाहिजे, तो आपला हक्क आहे व तो मागत राहिले पाहिजे. पण उघाडीतील गाळ काढणे, पावसाळ्यापूर्वी बांध पायी फिरून पाहणे, खेकड्याची बिळे बुजविणे, उधाणाच्या दिवशी रात्री राखण ठेवणे, आणि खांड पडली तर आठ दिवसांच्या आत तात्पुरता बांध घालणे, यासाठी मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही.

देवळाच्या या कामात घरटी वर्गणी जमली. ज्यांना पैसा देता आला नाही त्यांनी अंगमेहनत दिली, मुंबईकर मंडळींनी आपापल्या ऐपतीप्रमाणे हात दिला, आणि पै-पैचा हिशोब सर्वांसमोर ठेवण्यात आला. म्हणजे कुळारगाची रीत आपल्या गावातून गेलेली नाही. तीच रीत बांधाला लावावी. दरसाल नारळी पौर्णिमेला आपण खाडीला नारळ देतो. त्याआधी, वैशाखात, एक दिवस घरटी एक माणूस बांधावर यावा, आणि मुंबईकरांनी सुट्टीत गावी आल्यावर त्यात सामील व्हावे. देवस्थानच्या हिशोबाच्या वहीत बांधासाठी एक वेगळे पान असावे, अशी ग्रामस्थांस व देणगीदारांस नम्र सूचना आहे.

देऊळ नवे झाले, कळस चढला. त्या कळसाच्या सावलीतील शेत हिरवे राहावे, एवढीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना.